दाजींच्या खिशावरचं नाव

आमच्या ताईचा नवरा बसडेपोत मेकॅनिक आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो, डेपोत सगळे उस्ताद म्हणतात आणि ताई रागावली की काहीच म्हणत नाही, नुसती भांडी आपटते. त्यामुळे त्यांचं खरं नाव नहशोन आहे, हे कुणाला आठवायची वेळच येत नसे. डेपोत नवे मॅनेजर आले आणि ती वेळ आली.

नव्या साहेबांनी सगळ्यांना निळे शर्ट वाटले, खिशावर नाव भरलेले. दाजींच्या खिशावर होतं 'सनी'. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, गुडघे कुरकुरणारा सनी.

"साहेब, हा कुणाचा शर्ट?"

"तुमचाच. ते तुमचं नाव कुणाच्या तोंडात बसत नाही हो. शिवाय त्याचा अर्थ साप होतो म्हणे. खिशावर साप घेऊन कशाला हिंडता?"

"तरीच उस्ताद गाडीखाली असे सरपटत जातात," एक ड्रायव्हर म्हणाला. सगळे हसले. दाजीही हसले.

"सापावरून आलं, असं जाणकार म्हणतात खरं," ते म्हणाले. "पण ज्याचं हे नाव मुळात होतं त्या नहशोनचंही ऐका. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, आमचे ज्यू लोक निघाले. मागे फौज, पुढे समुद्र. काठावर सगळ्यांचं 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' चाललेलं. हा गडी सरळ पाण्यात शिरला. पाणी नाकाला लागलं तेव्हा कुठे समुद्र दुभंगला, अशी आमच्याकडे कथा आहे."

हा नहशोन म्हणजे त्या लोकांचा पुढारी मोशे याच्या भावाचा मेहुणा, बायकोचा सख्खा भाऊ. आम्हा मेहुण्यांच्या खात्यावर एवढं एकच भरीव काम जमा असल्यामुळे ते मी कुणाला विसरू देत नाही.

"कथा छान आहे," साहेब म्हणाले. "उद्या हा शर्ट घालून या. नाहीतर येऊ नका."

घरी ताईने आधी व्यवहार सांगितला. "घाला की. नोकरी गेली तर नाव शिजवून खायचंय का?"

"माझा मामा माझ्या जन्माआधी गेला," दाजी म्हणाले. "आपल्या घरांत गेलेल्याचं नाव मूल पुढे चालवतं, म्हणून आईने मला त्याचं दिलं. मी सनी झालो तर मामा दुसऱ्यांदा जाणार. आणि या खेपेला माझ्या हातून."

 ताईने ब्लेडने 'सनी' उसवला आणि लाल दोऱ्याने 'नहशोन' भरायला घेतलं. खिशापासून निघालेलं नाव थेट काखेत जाऊन थांबलं.

"जरा लहान चाललं असतं," मी म्हणालो.

"काल चाललं असतं. आज नाही."

सकाळी साहेब गेटातच आडवे आले. "हे उसवा, नाहीतर घरी जा."

"जातो की," दाजी म्हणाले. "कामावरून काढल्याचा कागद द्या, माझ्या नावाचा. सनीला काढायचं असेल तर खुशाल काढा. तो इथे कधी कामाला नव्हताच."

आणि ते आत जाऊन गाडीखाली शिरले. बाहेर राहिलेल्या दोन बुटांकडे साहेब बराच वेळ बघत उभे होते. बुटांशी काय भांडणार?

कागद अजून आलेला नाही. दाजी रोज त्याच शर्टात कामावर जातात. कागद आलाच तर त्यावर साहेबांना अख्खं नाव आपल्या हाताने लिहावं लागेल, या विचाराने सध्या दाजींना दोन घास जास्त जातात.