उभ्याचं, बसल्याचं, पडल्याचं

भावनाला सकाळी पाचला उठायला सांगणाऱ्या लोकांची यादी केली, तर ती जरीपटक्याच्या बाजारापासून पार खापरखेड्यापर्यंत पोचेल. खापरखेड्याला तिचा मोठा भाऊ राहतो, तोही त्या यादीत आहे. पाचला उठा, दिवसाची कामं कागदावर लिहा, सगळ्यात अवघड काम आधी उरका. ज्याच्या फोनमध्ये नेट आहे तो हल्ली हेच सांगत सुटतो. सांगायला काय जातं? झोपेतून उठताना सांगणाऱ्याच्या मांडीच्या हाडात कोणी खिळा ठोकलेला नसतो.

भावनाच्या असतो. रोज नाही, पण कधी असेल याचा नेम नाही. तिला जन्मापासून सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात, कुठेतरी अडकतात आणि कळा सुरू होतात. आज धडधाकट दिसणारी बाई उद्या पलंग धरते आणि परवा उठून भाकरी थापते. नागपूरकडे या आजाराचं नाव घरोघरी ठाऊक आहे, पण नाव ठाऊक असून उपयोग काय? लोकांना वाटतं, आजारी माणसानं एकतर कायम आजारी दिसावं, नाहीतर बरं होऊन टाकावं. हे मधलं काय ते त्यांच्या डोक्यात शिरत नाही.

ती ब्लाऊज शिवते. जरीपटक्याच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, भिंतीला कापायचा ओटा. नवरा प्रशिक कळमेश्वरच्या एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर. माणूस सोन्यासारखा. लग्नाआधी कोणी न सांगता, आपल्या रक्तात हा आजार नाही ना हे बघायला, स्वतःहून रक्त तपासून आला होता आणि रिपोर्ट घेऊन तिच्या वडिलांसमोर उभा राहिला होता. त्याच्यात खोट एकच, त्याला सगळं नीट लागतं.

लग्नानंतर त्यानंच तिला डायरी आणून दिली. पानापानावर तासातासाच्या रेघा. सोमवारी भावनानं हौसेनं भरली. मंगळवार ते गुरुवार ती पलंगावर होती. शुक्रवारी उघडली तर तीन कोरी पानं तिच्याकडे बघत होती. मग भावानं फोनमध्ये एक अॅप टाकून दिलं. त्यात टाळ्या वाजवणारं एक अस्वल होतं. ती कळांनी दात आवळून पडलेली असताना त्या अस्वलानं कळवलं, की तुम्ही चार दिवस मागे आहात, हार मानू नका! तिनं ते अस्वल तिथल्या तिथे उडवलं. राहिले डॉक्टर. ते म्हणत, जमेल तेवढंच करा. किती जमेल हेच तर ती विचारत होती.

तिची वाट तिला तिनंच शोधावी लागली, आणि तीही पडल्या पडल्या. चार वर्षांपूर्वी पाय हलवता येत नव्हते, पण बोटं शाबूत होती. उशाशी एक शिवलेला ब्लाऊज पडला होता, हुक लावायचा राहिलेला. तिनं लावला. मग दुसरा मागितला. संध्याकाळपर्यंत नऊ झाले. त्या दिवसापासून तिनं वार आणि घड्याळ दोन्ही सोडलं आणि खुंट्यांना तीन पिशव्या टांगल्या. एक उभ्याची, तिच्यात कापायचं कापड. एक बसल्याची, तिच्यात कापलेलं, मशीनवर चढवायचं. एक पडल्याची, तिच्यात हुक, काज, तुरपाई, असं हातशिलाईचं सगळं. सकाळी उठल्यावर अंगाला विचारायचं आणि अंग सांगेल ती पिशवी काढायची.

त्यात एक कडक नियम होता. अंग चांगलं असेल त्या दिवशी, कितीही मोह झाला तरी, मशीनवर बसायचं नाही. उभं राहून कापायचं. कारण कापलंच नाही तर बसायला काही उरत नाही, आणि शिवलंच नाही तर पडल्या पडल्या करायला काही उरत नाही. बरे दिवस हे वाईट दिवसांची सोय लावायला असतात, हे कुठल्या अस्वलानं तिला सांगितलं नव्हतं.

काम वेळेवर जाऊ लागलं. गिऱ्हाइकं वाढली. पण एक गोष्ट काही केल्या जाईना. ब्लाऊज घालून बघितला की बाई म्हणायची, "तब्येतीच्या मानानं किती छान शिवते वं तू!" भावनाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. बाही चढली तरी कोणी बोलायचं नाही, गळा उतरला तरी बोलायचं नाही. बाया गुपचूप दुसऱ्या टेलरकडे जाऊन नीट करून घ्यायच्या. ते तिला कळायचं, आणि त्याचाच राग जास्त यायचा.

म्हणून या वर्षी विहारातल्या महिला मंडळाचं काम तिनं भांडून घेतलं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना मंडळाच्या बेचाळीस बाया निळ्या काठाची पांढरी साडी नेसतात, त्यावर पांढरे ब्लाऊज. दरवर्षी तिला त्यातले पाच-सहा मिळायचे, दया केल्यासारखे. "या साली बेचाळीसच्या बेचाळीस मी शिवतो," ती म्हणाली. मंडळाच्या अध्यक्ष चंद्रकलाबाई थोड्या घुटमळल्या. "नाई जमलं तं सांगजो, कोणी काई म्हणत नाई तुले," असं म्हणून त्यांनी कापड दिलं. त्या बेचाळीसांत भावनाचं सगळं पणाला लागलं होतं. हे वेळेवर गेले तर ती टेलर. नाही गेले तर पुढचा जन्मभर बिचारी.

दसऱ्याला अकरा दिवस उरले होते, तेव्हा चौदा ब्लाऊज तयार होते, सहांचे हुक बाकी होते आणि बावीस कापून पिशवीत होते. आठवडा चांगला गेला होता, सगळं कापून झालं होतं. प्रत्येक ब्लाऊजचे तुकडे गुंडाळून त्यावर मापाची चिठ्ठी टाचलेली. त्या गुरुवारी ती सासूबाईंना, म्हणजे इंदूबाईंना, घेऊन दवाखान्यात तपासणीला गेली. गुरुवार प्रशिकच्या कंपनीची सुट्टी. एरवी तो सोबत यायचा. त्या दिवशी म्हणाला, "तुमी जा, मले घरी थोडं काम आहे." तिला तेव्हाच शंका यायला हवी होती.

आदल्या आठवड्यात कंपनीत त्याचं ट्रेनिंग झालं होतं, जागच्या जागी वस्तू कशी ठेवावी याचं. ती दुपारी घरी आली, तर फरशीवर पिवळी टेप. खुंट्या रिकाम्या. भिंतीशी प्लास्टिकचे चार नवे डबे, त्यावर छापील अक्षरांत चिठ्ठ्या: बाह्या, पाठ, पुढा, पट्ट्या. मापाच्या चिठ्ठ्या काढून, भोकं पाडून फाइल केलेल्या. हुक नसलेले सहा ब्लाऊज तयार मालाच्या गठ्ठ्यात. आणि मधोमध प्रशिक, घामानं निथळणारा, लहान मुलासारखा खूश.

"बघ वं, कसं सुटसुटीत झालं! आमच्या कंपनीत असंच असते. कोणती बी वस्तू तीस सेकंदात सापडली पायजे."

भावना दारातच उभी राहिली. "चंद्रकलाबाईची बाही द्या मले तीस सेकंदात."

त्यानं डब्यात हात घातला. एक बाही काढली, पाहिली, ठेवली. दुसरी काढली. चव्वेचाळीस पांढऱ्या बाह्या, एकावर एक, इस्त्री केल्यासारख्या नीट. तिसरी काढताना त्याचा हात मंदावला.

"बाही म्हणजे बाहीच नं?" तो हळूच म्हणाला.

"तुमच्या कंपनीत! बायांचे हात कंपनीत नाई बनत. अन् खडूच्या खुणा कुठं गेल्या?"

"त्या झटकून टाकल्या. पांढऱ्या कापडाले डाग दिसून राहिले होते."

इंदूबाई चप्पल काढता काढता म्हणाल्या, "याले लहानपणापासून खोड आहे. एकडाव यानं डाळी रंगापरमाणं लावल्या. तूर अन् चना एकाच डब्यात." आणि त्या आत जाऊन आडव्या झाल्या.

भावनाला हसू येत नव्हतं आणि रडूही. चार वर्षं ती त्या माणसाच्या डोळ्यासमोर खुंटीवरून पिशव्या काढत होती, आणि त्याला तो पसारा वाटत होता! बाहेरच्यांनी समजून घेतलं नाही तर एकवेळ ठीक. घरच्यानं, प्रेमानं, डबे विकत आणून सत्यानाश करावा, याला काय म्हणायचं? त्या सहा ब्लाऊजांचे हुक तिनं दुसऱ्या दिवशी रागाच्या भरात लावून टाकले. मग टेप घेऊन ती प्रत्येक तुकडा मोजत बसली. शुक्रवार, शनिवार, रविवार. अंग धड असलेले तीन दिवस, ज्यांत अर्धा डोंगर उपसला गेला असता, ते कोणाची बाही कोणाची हे शोधण्यात गेले. तेरा ब्लाऊज जुळले. नऊ काही केल्या जुळेनात. छत्तीस छातीच्या नऊ बाया, दंडात फक्त पाव-अर्ध्या इंचाचा फरक.

सोमवारी पहाटे कळा उठल्या. दोन्ही मांड्या, मग पाठ. आणि पडल्या पडल्या करायला हाताशी काहीही नव्हतं. चार वर्षांत असं पहिल्यांदाच झालं. गोळी घेऊन, पाण्याची बाटली उशाशी ठेवून ती छताकडे बघत राहिली.

प्रशिकनं सुट्टी टाकली. तो पायाशी बसून होता. "मी जातो चंद्रकलाबाईकडे. सांगतो का चूक माही आहे."

"तुमी काई बी सांगा, त्यायले एकच ऐकू येईन. बिचारीचा नवरा किती समजदार, तिचं झाकून राहिला." ती धापा टाकत म्हणाली. "फोन द्या इकडे."

त्या नऊ बायांना घरी बोलावून बाह्या दंडाला लावून बघण्याशिवाय इलाज नव्हता. तिनं फोन लावला.

"जयभीम बाई."

"जयभीम. आवाज काहून असा? दुखणं उठलं का?"

"उठलं. पण त्याच्यासाठी फोन नाई केला." तिनं घडलं ते सगळं सांगितलं, डब्यांसकट, आणि कोणत्या नऊ जणींना घरी यावं लागेल तेही.

तिकडून सुस्कारा आला. "राहू दे वं बाई. जीवाले त्रास नको करून घेऊ. बाजारात तयार भेटते, नऊ घेऊन टाकू. कोणी काई म्हणत नाई तुले."

"म्हणा नं मंग!" भावना इतक्या जोरात ओरडली, की इंदूबाई आतून धावत आल्या. "म्हणा काहीतरी! काम बिघडलं आहे माहं. दुखणं आजचं आहे, काम गुरुवारी बिघडलं. दुसऱ्या टेलरनं असं केलं असतं तं तुमी काय केलं असतं?"

चंद्रकलाबाई मग खरं तेच बोलल्या. "त्याच्या दुकानात जाऊन तमाशा केला असता."

"मंग मले काहून सोडता?"

फोन बंद झाला. भावनाला वाटलं, आता सगळंच संपलं. काम गेलं, वर तोंडही सुटलं.

चार वाजता दारात चपलांचा ढीग पडला. चंद्रकलाबाई आणि मागे आठ बाया. चंद्रकलाबाई स्वतःही छत्तीसवाल्याच. त्या पलंगापाशी आल्या, भावनाचा उतरलेला चेहरा पाहिला, आणि त्यांच्या तोंडावर ते नेहमीचं मऊ काहीतरी पसरायला लागलं. भावनानं त्यांच्याकडे नुसतं रोखून पाहिलं. चंद्रकलाबाईंनी पदर खोचला आणि आवाज चढवला.

"दोन महिने झाले तुले कापड देऊन! दोन महिने! सात दिवसांवर कार्यक्रम आला अन् आता सांगतं का बाह्या सापडून नाई राहिल्या? बेचाळीस बायांचं काम अंगावर घेतलं तं त्यावर नजर नाई ठेवा लागत? घरात कोण काय उचलून कुठं ठेवते, हे पाहाचं काम कोणाचं आहे?"

प्रशिक घाईनं उठला. "बाई, चूक माही..."

"तू गप बस गा! काम तिनं घेतलं का तू?"

भावनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. इंदूबाईंना वाटलं कळ आली, त्या गोळीची पट्टी शोधू लागल्या. भावनानं हातानं नको म्हटलं. त्या घरात एवढे दिवस आले-गेले, पण असं झापण्याच्या लायकीची तिला कोणी समजलं नव्हतं.

"कधी देतं?" चंद्रकलाबाईंनी विचारलं. "गुरुवारी पायजेत मले सगळे."

"गुरुवारी नाई होत," भावना नाक पुसत म्हणाली. "शुक्रवारी संध्याकाळी. मधात दोन दिवस माहे पडाचे आहेत, ते धरून सांगून राहिली मी."

आजवर कुठल्याच गिऱ्हाइकाला तिनं हे सांगितलं नव्हतं. पडायचे दिवस ती चोरून काढायची.

"शुक्रवार तं शुक्रवार," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "पण शनिवारी बहाणे ऐकाले मी येणार नाई." आणि पलंगाच्या कडेला बसून त्यांनी उजवा हात पुढे केला. "घे, लाव बाही. अन् माही बाही मागच्या साली सैल झाली होती. तेव्हा बोलली नाई, आता सांगतो."