सरावाचं मृत्युपत्र

काटोलच्या स्टँडवर एसटी सुटायच्या बेतात होती. बाबांनी खिडकीतून एवढंच सांगितलं, "कोनाच्या कागदावर सही नको करू गा." शहरातल्या कोणावरच त्यांचा विश्वास नव्हता. माझ्यावर आहे, असं मी धरून चाललो होतो.

नागपुरात मला बँकेच्या ट्रस्ट खात्यात नोकरी लागली. लोकांची मृत्युपत्रं जपायची, ते गेल्यावर त्यांच्या इच्छेप्रमाणे मालमत्ता वाटायची. कायम व्हायचं तर त्याच विषयाची परीक्षा पास होणं भाग होतं. साहेब म्हणायचे, वारसांचे अश्रू बघू नका, सह्या बघा. मला ते शिक्षण भलतंच मानवलं. सक्करदऱ्याच्या खानावळीत वरणाकडेही मी संशयाने बघायला लागलो.

परीक्षेआधीच्या दिवाळीत घरी बसून मी सरावाला एक मृत्युपत्र लिहिलं. खोटी नावं सुचेनात, म्हणून बाबांचंच घातलं. त्यांनी स्वतः लावलेला संत्र्याचा बगीचा अर्धा मला, अर्धा ताईला. आणि वाटणी करून देणारा एक्झिक्युटर मी. कागद पुस्तकातच राहिला आणि बाबांच्या हाती लागला.

"मी जित्ता हावो ना गा अजून?"

मी परीक्षेचं सांगितलं.

"परीक्षेले माह्याच बगीचा सापडला तुले?"

त्यांनी कागदाची घडी घातली, ट्रंकेत ठेवली आणि किल्ली ताईला दिली. पुढे पास होऊन सर्टिफिकेट दाखवायला नेलं, तर त्यांनी आधी ते उलटं करून मागची कोरी बाजू पाहिली. तेव्हा मला हसू आलं होतं. नंतर लक्षात आलं, मी घरी असलो की ते त्या ट्रंकेवरच बसतात.

बाबा गेले. तेरावं झाल्यावर ताईने ट्रंक उघडली. आत माझाच कागद होता. खाली बाबांची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या. वाटण्या मी लिहिल्या तशाच. फक्त एक्झिक्युटर म्हणून माझं नाव खोडून ताईचं घातलेलं, आणि त्या खाडाखोडीपाशीही तिघांच्या सह्या. सवयीने मी चूक शोधली. सापडली नाही. मग मात्र मला रडू आवरेना.

आता बिऱ्हाड नागपुरातच आहे. काटोलला जायचं तर ताईला आधी कळवतो, पाहुण्यासारखं. बोलणंही शहरी झालंय. परवा मुलाने सहज विचारलं, "बाबा, घराचे कागद कुठे ठेवता?"

"काहून?" मी म्हणालो, आणि उठून कपाटापुढे जाऊन उभा राहिलो.