दादाचं लेसोथो

निरोप आला तेव्हा मी लाखनीच्या शाळेत सातवीच्या वर्गावर होतो. आंधळगावहून आमच्या शेजारचा माणूस आला होता. त्याने वर्गाच्या दाराशी चपला काढल्या आणि खाली मान घालून उभा राहिला, त्यावरूनच मला काय ते कळलं. दादा सकाळी चहा पिऊन खाटेवर टेकला तो उठलाच नाही. त्याला आता सव्वा महिना झाला. धानाचा एक शेतकरी गेला, इतकीच ही बातमी. पण लहानसहान देशांची इतक्या जिव्हाळ्याने विचारपूस करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही, आणि मी स्वतः भूगोलाचा मास्तर आहे.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा त्याने सातवीतून शाळा सोडली, नांगर धरला आणि मला शिकवलं. त्याचं स्वतःचं शिक्षण पुढे रेडिओवर झालं. सकाळच्या बातम्या, दुपारच्या एसटीने पंचायतीत येणारं वर्तमानपत्र आणि माझा मॅट्रिकचा नकाशासंग्रह, एवढ्यावर त्याने जग धुंडाळलं. अमेरिका-रशियाचं त्याला कौतुक नव्हतं. "मोठ्यायचं काय, ते आपलं पाहून घेतेत," म्हणायचा. त्याचा जीव बोलिव्हिया, चाड, भूतान असल्या देशांत. मी राजधान्या आणि पिकं घडाघडा सांगायचो, तो ऐकून घ्यायचा आणि मग त्याचे नेहमीचे दोन प्रश्न टाकायचा. तिथलं पाणी कुठून येतं, आणि बाहेर जायचा रस्ता कोणाच्या जागेतून आहे? मला बहुतेक वेळा उत्तर यायचं नाही. मग पुढच्या रविवारी तोच कुठून तरी शोधून मला सांगायचा. बोलिव्हियाचा समुद्र लढाईत गेला तरी त्यांनी आरमार ठेवलंय, हे त्याने धान लावताना, रोवणीच्या चिखलात उभं राहून बायांना सांगितलं होतं. बाया चिखलाच्या हातांनी तोंडावर पदर घेऊन हसल्या. दादा हसला नाही. समुद्र परत मिळेल असं त्यांना वाटत असणार, एवढंच म्हणाला.

सत्तरच्या दशकात आमची वाटणी झाली. आमच्याकडे धानाचं शेत लहान लहान बांध्यांचं असतं, प्रत्येक बांधीला धुरा, म्हणजे चालण्यापुरता बांध, आणि बहुधा नावही. आंब्याची बांधी, बोडीखालची म्हणजे तळ्याखालची बांधी, अशी. दादाने रस्त्याकडच्या आणि कडेच्या सगळ्या बांध्या मला दिल्या, कारण मी नोकरीवाला, रविवारी एसटीने येणार, मला सोपं पडावं. मधल्या दोन बांध्या त्याने स्वतःला ठेवल्या. चारही बाजूंनी माझी जमीन, मध्ये त्याची. त्याच दिवशी त्याने त्यांचं नाव लेसोथो ठेवलं, आणि तो देश कसा पूर्णपणे दुसऱ्या एका देशाच्या पोटात आहे हे सगळ्यांना समजावून सांगितलं. दोन वर्षांत बाया सहज विचारू लागल्या, "आज लेसोथोत जायचं हाये का?"

इथवर मलाही गंमत वाटत होती. पण लेसोथो झालं म्हटल्यावर त्याच्या भोवतीचा देश कोण, हे गावाने ओळखायचं राहिलं नाही. चहाच्या टपरीवर कोणीतरी मला साउथ आफ्रिका म्हणून हाक मारली. सगळे हसले. दादाही हसला. त्या देशात काळ्या माणसांचं काय चाललंय हे मी वर्गात पोटतिडकीने शिकवायचो, आणि इथे मलाच ते नाव! त्यात माझा दादा हसला, हे जास्त लागलं. त्या साली पाऊस उशिरा आला होता. माझी रोवणी आधी उरकली होती. त्याचे मजूर धुऱ्यावरून गेले तर माझं नवं धान तुडवतील, असं कारण मी काढलं आणि धुऱ्यावर बाभळीच्या काट्या टाकून लाखनीला निघून आलो. कारण खोटं होतं. त्याने येऊन मला विचारावं, एवढीच माझी इच्छा होती.

तो आला नाही. त्याचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, वाढून चालले होते. वेळेत रोवले नाहीत तर पुढे लोंबी धरत नाही. मी रोज दिवस मोजत होतो आणि तरी जात नव्हतो. बाराव्या दिवशी रविवार होता. शेतावर पोचलो तर दादा, वहिनी आणि चार बाया बोडीच्या पाटातून, गुडघाभर पाण्यातून चालत होते. डोक्यावर पऱ्ह्यांच्या पेंढ्या. तो पाट माझ्या जमिनीतून त्याच्या बांधीत जातो. काट्या तशाच होत्या, कोणी हात लावला नव्हता.

"मले बोलला काहून नाही तू?" मी विचारलं.

त्याने पेंढी खाली ठेवली. "तू पानी कुठी अडवलं? पानी चालू हाये म्हनून समजलो, रस्ता चालू हाये."

मला लाज वाटली. आजही वाटते. काट्या मी त्याच दुपारी स्वतः उचलल्या, हात सोलवटले, दादाने हळद आणून दिली. चुकलो, हे मात्र मी तेव्हा म्हटलं नाही आणि नंतरही नाही. पुढे कितीतरी रोवण्या झाल्या, त्याने तो विषय काढला नाही... मीही काढला नाही.

तेरवीनंतर पुतण्याने मला एक जाड वही दिली. दादा असं काही लिहितो हे मला ठाऊक नव्हतं. एका पानावर एक देश, खाली दोन ओळी, पानी आणि रस्ता. ऱ्होडेशिया खोडून झिम्बाब्वे केलेलं, अप्पर व्होल्टा खोडून बुर्किना फासो. शेजाऱ्याने वाट अडवली की तो 'बंद' लिहायचा, उघडली की ते खोडून 'चालू', बाजूला महिना. लेसोथोची दोन पानं होती. एक खऱ्या देशाचं, दुसऱ्यावर लिहिलेलं, 'लेसोथो, आपलं'. पानी, बोडीचं. रस्ता, लहान्याच्या धुऱ्यावरून, चालू.

ते पान मी खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. एकही खाडाखोड नाही. बारा दिवस रस्ता बंद होता, हे मला माहीत आहे, त्यालाही माहीत होतं. त्याच्या वहीत मात्र तो एक दिवसही बंद नव्हता.