चारही वड्या छान

साबणाच्या कारखान्यातल्या वासखोलीत आकडेमास्तरांचं कोपर लागून अर्काची बाटली लवंडली. अर्क असा जहाल, की खोलीतली माणसं नाकं दाबून बाहेर पळाली आणि खुद्द मास्तरही नाकाला रुमाल लावून जिन्यात उभे राहिले. आत राहिले एकटे काका. ते निवांत नखं कापत बसले होते. थोड्या वेळाने दारातून डोकं काढून त्यांनी चौकशी केली, की आज एवढी कसली गडबड आहे? तेव्हा मास्तरांच्या डोक्यात उजेड पडला. साबणाचा वास घेण्याबद्दल पगार खाणाऱ्या या माणसाला वासच येत नव्हता.

एका जुन्या सर्दीने काकांचं नाक नेलं होतं, नोकरी मात्र ठेवली होती. काका वडी नाकाशी धरत, डोळे मिटत, एक तृप्त सुस्कारा सोडत आणि सांगत, "चारही छान." घरीही तोच खाक्या. पुढ्यात दूध करपून पातेलं काळं झालं तरी यांचं पेपरवाचन चालूच. कोणत्या सुनेची भाजी चांगली, तर दोघींची. काकू म्हणत, या माणसाशी भांडणं म्हणजे उशीला गुद्दे मारणं.

वास घ्यायला काकांच्या जोडीला ताई होत्या. त्यांचं नाक असं, की समोरच्याने सकाळी काय खाल्लं ते दुपारी सांगत. ताईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाले. पण साहेबांना काटकसरीचा झटका आला. दोघांतला एकच ठेवायचा, आणि ज्याची पसंती साहेबांच्या पसंतीशी जास्त जुळेल तो राहणार. साहेबांचं नाक कुणी तपासलंय, हे विचारायची सोय नव्हती. पगारावर सही करणाऱ्याचं नाक निर्दोषच असतं.

तिघांनी चार वड्यांना क्रम लावले. साहेबांची दोन नंबरची गुलाबी वडी ताईंनी शेवटी ढकलली. म्हणाल्या, हिला जळक्या रबराचा वास येतो. बाकी सगळं साहेबांसारखंच. काकांच्या चारही वड्या बरोबरीत. मास्तर हे क्रमांचं जुळणं मोजणार होते: तंतोतंत जुळलं तर एक, काहीच संबंध नसला तर शून्य. बरोबरी झाली की पहिली ते चौथी या जागा सारख्या वाटून द्यायच्या, म्हणून काकांच्या प्रत्येक वडीला अडीच नंबर मिळाला. मग मास्तरांनी कॉलेजातलं तोंडपाठ आखूड सूत्र लावलं आणि निकाल धाडून दिला. ताई शून्य पूर्णांक चार, काका शून्य पूर्णांक पाच.

जेवताना मास्तरांना आपली चूक दिसली. आखूड सूत्र बरोबरी नसेल तेव्हाचं. इतक्या बरोबरीला लांबच्या रीतीने जावं लागतं, आणि त्या रीतीत काकांचं उत्तर शून्य भागिले शून्य, म्हणजे उत्तरच नाही. ज्याने क्रमच लावला नाही, त्याचं कुणाशी पटतं की नाही हे सांगणार कसं? आखूड सूत्र मात्र अशा माणसाला डोळे झाकून अर्धा देतं. साहेबांऐवजी गोठ्यातल्या म्हशीशी ताडून पाहिलं असतं, तरी काकांचं म्हशीशी अर्धंच पटलं असतं.

मास्तर हात न पुसताच साहेबांकडे धावले. चूक सांगितली, काकांच्या नाकाचंही सांगितलं. साहेब म्हणाले, घरात आपलं कुणाशी पावसुद्धा पटत नाही, इथे अर्धं पटतंय; आणि वास येत नसेल तर तक्रारही येणार नाही. हुकूम निघालाय. तिकडे ताई टेबलाचा खण रिकामा करायला लागल्याही होत्या.

आता उरला एकच उपाय: काकांनी आपणहून बाजूला होणं. मास्तर वासखोलीत गेले आणि त्यांनी हात जोडले.

"काका, तुम्हाला कसलाच वास येत नाही आणि ताईंना सगळा येतो. तरी जायचं त्यांनी?"

काकांनी हातातली वडी खाली ठेवली.

"तिला वास आला ते ठीक, पण सांगायला कुणी सांगितलं होतं?"