गोदाकाकूंची बंदूकपूजा

खंडेनवमीला गोदाकाकू बंदुकीला हळदकुंकू चिमटीनं वाहत नसत, चमच्यानं घालत. वरून तेल. आमच्या शेजारच्या त्या घरात विळ्याला, नांगराला, मोटारीच्या स्टार्टरला कुंकवाचं एकेक बोट लागे. भिंतीवरच्या रायफलीला मात्र पोटभर. कुणी हसलं तर म्हणत, "तिची भूक मोठी हाय, बाबा. उपाशी ठिवू न्हाई."

रायफल त्यांचे यजमान दिगंबरकाका यांच्या वडिलांची. परवान्याची, रानडुकरांसाठी ठेवलेली. ट्रिगरभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की काडतूस नळीत बसे. काका मनानं वाईट नव्हते, पण राग आला की त्यांचे डोळे बदलत. धाकटा भाऊ नामदेव याच्याशी त्यांचा शेताच्या बांधावरून जुना वाद होता. नामदेवचा ट्रॅक्टर बांधाजवळ वाजला की काका ताटावरून उठत, आणि काकू भाकरी तव्यावर तशीच सोडून आधी खुंटीकडे बघत.

तीनेक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात काकांनी मला हाक मारली. मी साखर कारखान्याच्या वर्कशॉपात मापं घेणारा माणूस; गावातल्या अडलेल्या वस्तू माझ्याकडे येतात.

"सुधाकर, कडी लय जड चालायलीय. आजच मोकळी करून दे. डुकरं माजलीत."

"उसातली का शेजारची?" काकूंनी चुलीपासूनच विचारलं.

"तू भाकरी कर!"

ओसरीवर बसून मी आधी काडतुसं काढली आणि काकूंच्या हातात दिली. नळी रिकामी आहे हे दोनदा पाहिलं. कडी दोन बोटं उघडायची आणि थांबायची. स्प्रिंग गेली असेल, अशी माझी अटकळ. बाजूचं झाकण काढून रॉकेल सोडलं, तर ताटलीत लाल, दाट पाणी उतरलं. कुंकू आणि तेल साकळलं असेल, ते समजण्यासारखं होतं. पण त्याला गुळाचा वास येत होता. मग लक्षात आलं, भिंतीवर खुंटीपर्यंत मुंग्यांची रांग लागली होती.

काका गोठ्याकडे गेले होते. काकू पदर आवरून समोर बसल्या. "पाक हाय," त्या हळूच म्हणाल्या. "लय घासू नको."

"काकू, त्यापेक्षा लपवून ठेवा ना."

"लपवली तर हुडकत्यात, अन् हुडकता हुडकता राग वाढतो. अडली तर तिलाच शिव्या देत बसत्यात. तू मापं घेतोस न्हवं? मंग ह्येचंबी माप ध्यानात ठिव. ह्यांचा राग तासभर टिकतो. तेवढा वेळ ती अडून बसली म्हंजे झालं."

मी झाकण बसवलं. आतलं होतं तसंच राहू दिलं. काका आले, कडी ओढली, मानेची शीर फुगेपर्यंत ओढली.

"एवढा कारखान्यात जातोस, अन् एक कडी न्हाई निघत?"

"काका, ही माझ्याच्यानं व्हायची नाही."

ते माझ्याकडे नाही, ताटलीतल्या लाल पाण्याकडे बघत राहिले.

या उन्हाळ्यात काविळीनं काकू वारल्या. दिवस झाले, पाहुणे पांगले, घरात काका एकटे उरले. येता-जाता माझी नजर त्या खुंटीकडे जाऊ लागली. पाक घालणारा हात राहिला नव्हता. कडी कधी मोकळी होईल, याचा हिशेब मला मांडता येईना.

खंडेनवमीच्या सकाळी बांधाकडून आरडाओरडा ऐकू आला. नामदेवनं पुन्हा बांध कोरला होता. काका तरातरा घरात शिरताना दिसले आणि मी हातातला चहा तसाच टाकून धावलो. ओसरीवर कुणी नव्हतं. खुंटी रिकामी होती. भिंतीवर एक मुंगी नव्हती. आतल्या खोलीचं दार लोटलेलं, आणि मागून लोखंडाचा बारीक आवाज.

मी दार ढकललं. काका रायफल मांडीवर आडवी घेऊन बसले होते. पुढ्यात वाटीत गुळाचा पाक होता.

"मुंग्या काय तुलाच दिसत्यात?" वर न बघता ते म्हणाले. "ती हुती तवर ती बघायची. आता मलाच बघावं लागायलंय."

बाहेर नामदेवचा ट्रॅक्टर अजून चालूच होता. काकांनी कडीच्या फटीत आणखी एक चमचा ओतला.

"तू बस हितं," ते म्हणाले. "तासभर."