कागदी झेंड्याची गाठ

२५ जानेवारी, दुपार. हजर: बाबा, आई, नववीतली माझी मुलगी आणि मी. गैरहजर: प्लांटमधले बाबांचे जुने सोबती, आमचे काका. ते शहराच्या दुसऱ्या भागात, पद्मनाभपुरात, खुब्याच्या ऑपरेशननंतर अंथरुणावर.

प्लांटच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये राहत होतो तेव्हा मैदानावरच्या झेंड्याची गाठ दरवर्षी बाबा बांधत आणि काका दोरी ओढत. आता बाबा नेहरू नगरला आमच्याकडे, दुसऱ्या मजल्यावर. अर्धांगवायूनंतर दवाखान्याखेरीज ते जिना उतरलेले नाहीत. पाय ओढताना लोकांनी पाहू नये, एवढेच कारण. यंदा दोघेही मैदानावर जाणार नव्हते, म्हणून काकांना झेंडा कार्डावर करून घरपोच द्यायचे मी ठरवले.

कामे वाटली. कार्ड मुलीकडे. घडीवर दोन चिरा देऊन तिने मधला पट्टा आत ढकलला. कार्ड उघडले की त्याची पायरी उभी राहते. पायरीला खराट्याची काडी चिकटवली, तो खांब. वर निळे चक्र, खाली फोमचे तुकडे लावून उचललेले. पतंगी कागदाचा तिरंगा मी केला, त्यात केशरी कागदाच्या पाकळ्या भरल्या आणि पुरचुंडी काडीच्या टोकाला बांधायला बाबांपुढे ठेवली.

"मले कावून देऊन राहिली? हात दिसत नाही का माहा?"

"ओढली की सुटते ती गाठ मले येत नाही, बाबा."

"रिमोट दाबाले बरा चालते हात," आई वाटाणे सोलता सोलता म्हणाली.

"आजोबा, आराम से. टाइम है," मुलीने काडी धरली.

गाठ मध्येच सुटेल या भीतीने बाबांनी ती करकचून आवळली. ओढून पाहिली तर झेंडा उघडेना, काडीच वाकली. मी कात्री उचलली.

"कात्री ठेव. झेंड्याची गाठ कापत नसतेत."

नखाने उकलून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. दोऱ्याचे एक टोक दातांत, डाव्या हाताने फास. उजवा हात नुसता काडीला टेकवून ठेवलेला. आईचे वाटाणे थांबले होते. गाठ बसली. आता ती ओढून पाहायची सोय नव्हती. पाहिली असती तर परत बांधावी लागली असती.

"उद्या खुलला नाही त?" आईने विचारले.

"खुलन."

सकाळी मी पद्मनाभपुरात गेले. काकांनी उशीला टेकून कार्ड उघडले. खांब उभा राहिला. त्यांनी दोऱ्याला बोट लावले आणि मागे घेतले.

"त्यानं बांधली?"

"हो. एका हातानं."

"मंग मी एकटा कसा खोलू? त्याले आन."

"ते जिना उतरत नाहीत, काका."

"मले चालता येत नाही, त्याले उतराचं नाही. बरी जोडी आहे. सांग त्याले, तुह्यापायी राष्ट्रगीत अडलं आहे."

घरी येऊन मी निरोप जसाच्या तसा सांगितला.

"म्हणजे बांधलेलाच आहे अजून?" एवढे विचारून बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

कार्ड काकांच्या उशाशी तसेच उघडे आहे. आमच्या शेजाऱ्यांनी चाकांची खुर्ची देऊ केली आहे. बाबांना तिच्यात बसवून जिन्यावरून उतरवायला गल्लीतले दोघे तयार आहेत. त्यांचा होकार घ्यायचा राहिला आहे.