शेवटचा फर्मा आधी

ग्रंथालयाचे बाइंडरकाका तीस वर्षं पुस्तकं शिवत होते, पण वाचलं एकही नव्हतं. "शिंप्याने काय गिऱ्हाइकाचे कपडे घालून बघायचे?" असं ते फणकाऱ्याने विचारत.

त्यातूनच घोळ झाला. खिळखिळ्या झालेल्या एका रहस्यकादंबरीचा शेवटचा फर्मा, म्हणजे खुनी सापडतो ती सोळा पानं, त्यांनी सगळ्यात आधी शिवला. पानांचे आकडे तर कडा कापतानाच उडाले होते.

महिन्याभराने ग्रंथपालबाई अभिप्रायांची वही घेऊन आल्या आणि वाचू लागल्या. "खुनी सुरुवातीलाच कळला, तरी पुस्तक खाली ठेववेना." काकांनी खळीचं भांडं बाजूला सारलं आणि कान टवकारले. "एवढ्या सज्जन माणसाने असं का केलं, या विचाराने जीव टांगणीला लागला." सदा कुरकुरणाऱ्या निवृत्त मास्तरांनीही लिहिलं होतं, "लेखकाने डोकं लढवलंय!"

"लेखकाने कसलं, चूक माझी," काका पुटपुटले. "उसवून नीट शिवून देतो."

"खबरदार हात लावलात तर! ही यादी बघा, सतरा जण नंबर लावून बसलेत."

काकांनी हाताची खळ पुसली, यादी पुढे ओढली आणि अठरावं नाव स्वतःचं लिहिलं.